चार मागे, एक पुढे

शनिवारी बारा वाजता माझी खुर्ची येणार होती, म्हणून मंगळवारी सकाळी मी भंगाराच्या गोदामात पालथी पडून एका गिअरबॉक्सच्या पोटाखाली दात बघायचा आरसा धरला होता.

संबंध सांगते. खुर्ची म्हणजे दवाखान्याची, पेशंटला आडवं करायची. मी दातांची डॉक्टर. सहा वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात दुसऱ्यांच्या सोयीने दात काढले, शेवटी आई म्हणाली, घराला लागून शेड आहे, ती घे आणि स्वतःचं काय ते सुरू कर. शेड रस्त्यावर, दार मोठं, पाण्याची सोय. अडचण एकच. शेडमध्ये अकरा वर्षं मामाची गाडी विटांवर उभी होती.

गाडी मूळची आईची. आईने बत्तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं आणि ते सुरू केलं याच गाडीवर. इंजिन मागे, डिकी पुढे, तोंड बेडकासारखं. अर्ध्या गावाने क्लच जाळायचं शिक्षण हिच्यावर घेतलं. शेवटी गाडी दमली, आईने दुसरी घेतली आणि हिला भंगारात काढली. मामाने तिला वजनकाट्यावरून परत आणली. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. वय सहासष्ट, लग्न नाही, आई त्याला अजून छोट्या म्हणते. त्याला गाडी चालवता येते असं त्याच्या लायसन्सवर लिहिलेलं आहे.

आईने फर्मान काढलं, शनिवारी बारापर्यंत शेड रिकामी. मामाकडे एकच वाट उरली. जुन्या गाड्यांच्या क्लबने मैदानाच्या कडेला तीस गाड्यांची पत्र्याची शेड बांधली होती. एकोणतीस जागा भरल्या होत्या. तिसावी शनिवारी अकराला ठरणार होती. अटी तीन. गाडी स्वतःच्या ताकदीने यायला हवी, स्वतःच्या ताकदीने मैदानाला एक फेरी मारायला हवी, आणि इंजिन आणि गिअरबॉक्स तिच्याच मालिकेचे हवेत. ढकलत, ओढत किंवा टेम्पोवर लादून आणलेली गाडी बाद. जागा मिळाली तर गाडी वाचली. नाही मिळाली तर याच गोदामाच्या मालकाचा, भंगारशेठचा टेम्पो, आणि तोही आईने शनिवारी बारालाच सांगून ठेवला होता. म्हणजे खुर्ची उतरवणारी माणसं गाडी चढवायलाही हात लावतील.

"ताई, तू माणूस आहेस का?" मामा म्हणाला.

"मी जागेची मालकीण आहे," आई म्हणाली. "माणूस मी अकरा वर्षं होते."

माझी अवस्था मात्र वाईट. गाडी गेली तर मामाच्या छातीवर पाय देऊन मी लोकांच्या दाढा काढणार. म्हणून जिथे मामा, तिथे मी, आरशासकट.

गाडीचं मूळचं इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही गंजून गेले होते. इंजिनाचं मामाने आधीच जमवलं होतं, तेही दोन खेपांत. पहिलं इंजिन छान चालत होतं, घड्याळासारखं. पण नंबराच्या आधीचं अक्षर वेगळं निघालं. मामाने कंपनीचं जुनं पुस्तक उघडलं. ते अक्षर गाडीचं नव्हतंच, पाणी उपसायच्या पंपाचं होतं. "जन्मभर एका जागी उभं राहिलेलं इंजिन आहे हे, ह्याला रस्ता काय माहीत," असं म्हणून त्याने ते परत केलं. दुसरं खडखड करत होतं, पण मालिकेत बसत होतं. मामाला तेच आवडलं.

कारण मामाचा विश्वास फक्त आकड्यावर. चौतीस वर्षं तो वजन-मापं तपासणारा निरीक्षक होता. दुकानदारांचे तराजू तपासायचे, बरोबर निघाला की तार ओवून त्यावर शिशाचं सील दाबायचं. सील तुटलेलं दिसलं की संपलं. एक दुकानदार म्हणाला, साहेब, उंदराने तोडलं. मामा म्हणाला, उंदीर हजर करा. त्या दुकानदाराने खरंच पिंजरा आणला, तर मामाने उंदराचे दात बघून केस उभी केली. ही गोष्ट तो माझ्या प्रत्येक वाढदिवसाला सांगायचा. मी दातांकडे वळले ते त्यामुळेच असावं.

आणि भंगारशेठ नेमका उलटा. त्याच्या गोदामात शंभरेक इंजिनं, तेवढेच गिअरबॉक्स, एकावर एक. कशावर चिठ्ठी नाही, वहीत नोंद नाही. पण कशालाही हात लावा, तो त्याची सात पिढ्यांची कहाणी सांगणार. हे इंजिन एका कंडक्टरचं, मग त्याच्या जावयाचं, जावई भांडला, मग ते पिठाच्या गिरणीत गेलं, तिथून बोटीवर. ऐकत बसलात तर जेवायची वेळ टळते.

"हा गिअरबॉक्स म्हणजे काय सांगू," भंगारशेठ माझ्या डोक्याशी उकिडवा बसून म्हणाला. "पहिला मालक शाळामास्तर. तीन वर्षांत कधी तिसऱ्या गिअरच्या वर गेला नाही. चौथा अगदी कोरा आहे आतून."

"नंबर बोल," मामा म्हणाला. मला म्हणाला, त्याला नाही.

मी आरशात बघत होते. आरशात आकडे उलटे दिसतात, त्यात वर्षानुवर्षांची वंगणाची पुटं. पेशंटच्या मागच्या दाढेसारखंच, फक्त वास कमी. मी खरवडणीने मळ काढला. दोन अक्षरं दिसली, मग सहा आकडे. मी मनात उलटे करून वाचले.

मामाने पुस्तकात बोट ठेवलं. "परत वाच."

परत वाचले.

"ताईच्या गाडीनंतर एकशे बारा," तो कुजबुजला. "एकाच आठवड्यात, एकाच कारखान्यातून बाहेर पडलेत दोघं."

"मास्तरनंतर हा गेला एका हौशी माणसाकडे," भंगारशेठ पुढे सुरूच. "फार डोक्याचा माणूस. त्याला स्वतःचं इंजिन आवडेना, म्हणून त्याने दुसऱ्याच कंपनीचं..."

"शेठ, पोथी नको."

"अहो ऐका तरी. ते इंजिन जे होतं ना, ते फिरायचं..."

"माणूस खोटं बोलतो, शेठ. आकडा बोलत नाही." मामाने पुस्तक मिटलं. "बांधा."

भंगारशेठचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. वर डावीकडे एक दात किडला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि सुतळी आणायला गेला. एरवी त्याचं सगळं पाल्हाळ ऐकायला लागतं, आणि नेमकं त्या दिवशी त्याला गप्प केल्याबद्दल मी मामाला मनात शाबासकी दिली.

गिअरबॉक्स बसवायला होईल मिस्त्री आला. खरं नाव मला माहीत नाही. काहीही विचारा, तो "होईल" म्हणतो, म्हणून होईल मिस्त्री. त्याने गिअरबॉक्स टेबलावर ठेवला, पुढचा दांडा हाताने फिरवला. बाजूचे दोन्ही फिरले. पहिला टाकला, फिरलं. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे फिरले.

"फिरतंय," मिस्त्री म्हणाला.

फिरत होतंच. कुठे फिरतंय हे कोणी विचारलं नाही. मीही तिथेच बिस्किटं खात उभी होते.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मामा जेवताना उभा राहायचा, उभा असला की फेऱ्या मारायचा, फेऱ्या मारताना नटबोल्ट मोजायचा. एक नट कमी भरला तर चहाच्या बरण्या उपसायचा. आई वर्तमानपत्र वाचत म्हणायची, "छोट्या, बस खाली, मला चक्कर येते." त्यात माझे प्लंबर आले. शेडच्या मागच्या भिंतीवर त्यांनी माझं बेसिन लावलं. पांढरं शुभ्र, कोपराने चालणारा नळ. माझ्या दवाखान्याची पहिली वस्तू. मी दिवसातून चार वेळा नळ सोडून बघायचे. वेडे मामा-भाची, एक पुढे नट मोजतंय, एक मागे पाणी बघतंय, आणि मधे गाडी.

शुक्रवारी साडेचारला इंजिन चालू झालं. खोकलं, थुंकलं, पण टिकलं. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं, अर्धं धुराने. गाडीचं तोंड रस्त्याकडे, दार सताड उघडं, विटा काढलेल्या. मामा आत बसला, रुमालाने स्टिअरिंग पुसलं.

"नेऊ?"

"होईल," मिस्त्री म्हणाला.

मामाने पहिला टाकला. क्लच सोडला. गाडी झोकात निघाली आणि पाठीमागून माझ्या बेसिनवर जाऊन आपटली.

बेसिन एका फटक्यात गेलं. नळ कोपराने चालायचा तो आता स्वतःच्या मर्जीने छतापर्यंत उडत होता. मी किंचाळले की नाही आठवत नाही. मामा काचेतून सरळ पुढे बघत होता, रस्त्याकडे, जिथे तो आत्ता असायला हवा होता.

"रिव्हर्स पडला," मिस्त्री म्हणाला.

"पहिला टाकला मी. पहिला."

"मग परत टाका."

मामाने परत टाकला. गाडीने भिंतीला आणखी थोडं ढकललं. आई शेडच्या दारात आली, हातात पाण्याचा मुख्य नळ बंद करायचा पाना. तिने तो आधीच केला होता बंद. बत्तीस वर्षं शिकाऊ लोकांबरोबर काढलेल्या बाईला काय लागणार हे आधी कळतं.

"छोट्या, दुसरा टाकून बघ," ती म्हणाली.

दुसरा टाकला. मागेच. तिसरा, मागे. इंजिन बंद पडलं, परत चालू केलं. चौथ्याला ते फक्त गुरगुरलं, पण गुरगुरलं तेही मागेच. मग आई म्हणाली, "आता रिव्हर्स टाक." मामाने टाकला, आणि गाडी पहिल्यांदा, हळूच, लाजत, एक हात पुढे आली.

चार गिअर मागे जायचे. एक पुढे जायचा.

मामाने भंगारशेठला फोन लावला आणि बोलायच्या आधी स्पीकर केला, साक्षीदार असावेत म्हणून.

"हां, तो हौशी माणूस," भंगारशेठ निवांत म्हणाला. "त्याने दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवलं होतं, ते उलटं फिरायचं. मग गाडी उलटी जाईल ना? म्हणून त्याने गिअरबॉक्स खोलला आणि चाकं फिरवणारं मोठं चक्र असतं बघा, क्राउन, ते या बाजूचं त्या बाजूला बसवलं. उलट्याचं उलटं, म्हणजे सुलटं. डोकं होतं माणसाला. आता तुम्ही त्याला सरळ इंजिन लावलंत, तर ते..."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"साहेब," भंगारशेठ म्हणाला, "मी पोथी वाचत होतो."

चक्र परत जागेवर बसवायचं तर आधी इंजिन उतरवायचं, मग गिअरबॉक्स, मग तो खोलायचा. किती वेळ लागेल, असं मामाने मिस्त्रीला विचारलं. मिस्त्रीने आयुष्यात पहिल्यांदा "नाही होणार" म्हटलं. दोन दिवस तरी. फेरी उद्या अकराला.

"मग त्या एकाच गिअरमध्ये पुढे नेतो," मामा म्हणाला. "तीन किलोमीटर तर आहे."

"तो मुळात रिव्हर्स आहे," मिस्त्री म्हणाला. "त्याचे दाते बारीक असतात, गॅरेजमधून बाहेर येण्यापुरते. मधल्या चढावर जातील."

हे मला कळलं. दुधाचे दात. त्यांनी ऊस सोलायचा नसतो.

मामा मडगार्डवर बसला. त्याचे कपडे माझ्या नळाने भिजले होते. बसला आणि, तीन दिवसांत पहिल्यांदा, हललाच नाही. तो फेऱ्या मारत असताना मला वैताग यायचा, पण हे त्याहून वाईट होतं. शेडभर पाणी, त्यात माझ्या बेसिनचे तुकडे, आणि मामा असा बसलेला, जणू उद्या टेम्पोत आधी त्यालाच चढवणार आहेत.

"खुर्ची सोमवारी आणायला सांगू का?" मी विचारलं.

"आणि सोमवारी काय होणार?" मामा म्हणाला. "जागा एकच आहे. उद्या ती दुसऱ्याची."

सकाळी सात वाजता रस्त्यावरून इंजिनाचा आवाज आला. मी गॅलरीत धावले. मामा गाडी रस्त्यावर काढून उलटी चालवायचा सराव करत होता. ओळ सोडून जात होती, कधी या कुंपणाकडे, कधी त्या. मान वळवावी तर स्टिअरिंग सुटायचं, स्टिअरिंग धरावं तर मान पुढे. पेपरवाला सायकल घेऊन फुटपाथवर चढला. तिथेही त्याला खात्री वाटेना, म्हणून तो एका घराच्या पायऱ्या चढला.

आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, चहाचा कप हातात. तिने एक मिनिट बघितलं. दीड मिनिट. मला तिच्या जबड्याचा स्नायू उडताना दिसत होता.

"तीनदा नापास केला होता मी त्याला," ती म्हणाली. "रिव्हर्समध्ये. चौथ्यांदा आमची आई मधे पडली म्हणून पास केला. चूक झाली."

कप माझ्या हातात देऊन ती खाली गेली, घरातल्याच चपलांत. मी वरून ऐकलं.

"उतर."

"ताई, मला माहितीये तुला ही गाडी नको आहे. पण निदान बारापर्यंत..."

"गाडी मला नकोच आहे. पण हे असलं रिव्हर्स मला बघवत नाही. उतर, पलीकडे बस. आणि ती लाल पाटी आण."

लाल पाटी म्हणजे शिकाऊ वाहनाची. ती आईने बॉनेटला बांधली, कारण आज तीच गाडीची मागची बाजू होती. मला मागच्या सीटवर, सामानासकट. सामान म्हणजे पुस्तक, आरसा, खरवडणी आणि मामाचे उरलेले नट.

साडेदहा वाजता निघालो. आईने उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला, डावा मामाच्या सीटमागे टाकला, मान वळवली आणि गाडी दोरीने ओढल्यासारखी सरळ मागे निघाली. मी मागे बसलेली, त्यामुळे आईचं तोंड माझ्या तोंडासमोर.

"डोकं बाजूला घे," ती म्हणाली. "तुझ्या कानामागे चौक आहे."

पहिल्याच वळणावर कळलं की आमच्या पाठोपाठ कोण येतंय. भंगारशेठचा टेम्पो. बाराला यायचं होतं, पण वाटेत गाडी बंद पडली तर तिथूनच उचलू म्हणून माणूस आधीच निघाला होता. आम्ही उलटे, तो सुलटा, म्हणजे अख्ख्या रस्ताभर मामा आणि भंगारशेठ काचेला काच लावून समोरासमोर. मधे सात-आठ हात अंतर. कोणी कोणाकडे बघायचं टाळावं तर बघायला दुसरं काही नाही. भंगारशेठ केळं खात होता. त्याने एक वर करून मामाला, घेणार का, असं खुणेनं विचारलं.

"याला पुढे जायला सांग," मामा म्हणाला. त्याचा गुडघा इतका उडत होता की गाडी त्यानेच चालल्यासारखी वाटत होती.

"पुढेच आहे की," आई म्हणाली. "छोट्या, पाय थांबव. क्लच वाटतोय मला."

एका शाळेच्या भिंतीवर पोरं बसली होती, त्यांनी आम्हाला सलाम ठोकला. एका बाईने खिडकीतून ओरडून सांगितलं की तुमची गाडी उलटी जातेय. आईने हात करून आभार मानले. चढ आला तेव्हा इंजिन खोकायला लागलं, भंगारशेठने अर्धं केळं खाली ठेवलं आणि मान पुढे काढली. आईने दुसऱ्यावरून पहिल्यावर आणली, टाचेने थोडा गॅस दिला आणि चढ पार झाला. भंगारशेठने केळं परत उचललं. मला वाटतं तो जरा खट्टू झाला. मग उतारावर आईचा आवाज बदलला.

"छोट्या."

"काय?"

"तिसरा टाकू का?"

मामाने तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे रस्त्याकडे, आणि तिचे डोळे असे काही होते की मी ते कधी बघितलेच नव्हते. त्या गाडीवर धंदा सुरू केला तेव्हा ती एकोणतिशीची होती, आज मी आहे तेवढी.

"टाक," मामा म्हणाला.

मैदानावर पाच मिनिटं आधी पोचलो. क्लबचे परीक्षक दारातच उभे होते. एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून फिरायचे, त्यामुळे सगळे त्यांना भिंग म्हणत, तोंडावर भिंगसाहेब. आमची गाडी पाठ पुढे करून आत आली, त्यांच्यासमोर थांबली, आणि त्यांनी नमस्कार केला तो इंजिनाच्या झाकणाला.

ते गाडीखाली शिरले. नंबर दिसेना. मी आरसा पुढे केला. पाच मिनिटं नुसते पाय दिसत होते. मग खालून आवाज आला, "एकशे बारा."

"एकशे बारा," मामा वरून म्हणाला.

"एकाच आठवड्यातला."

"एकाच."

बाहेर आले तेव्हा भिंगसाहेबांचं कपाळ वंगणाने काळं होतं आणि चेहरा बाळाला मांडीवर घेतल्यासारखा. वीस वर्षांत इतका जवळचा जोड मिळाला नव्हता म्हणे. "आता फक्त फेरी," ते म्हणाले. "घ्या वळवून."

"वळवून नाही," आई म्हणाली. "अशीच."

तिने फेरी मारली. दुसऱ्या गिअरमध्ये, पांढऱ्या रेषेला चिकटून, एकदाही रेषा न ओलांडता. कडेला उभ्या असलेल्या एकोणतीस गाड्यांच्या मालकांनी आधी हसायला तोंडं उघडली, मग ती तशीच राहिली. दुसरा उमेदवारही तिथेच होता, त्याची गाडी चकचकीत, सरळ जाणारी, पण इंजिन पंपाचं निघालं. मला वाटतं ते आमचंच, परत केलेलं.

भिंगसाहेबांनी फॉर्म काढला. पेन टेकवलं, उचललं. "पण ही... तोंड पुढे पाहिजे ना."

मामाने खिशातून क्लबची नियमांची प्रत काढली. इथे तो घरच्या मैदानावर होता. "वाचा. 'गाडी स्वतःच्या ताकदीने मैदानाला एक फेरी मारेल.' कुठल्या तोंडाने, ते लिहिलेलं नाही."

"नाही, पण अर्थ..."

"चौतीस वर्षं मी खात्यात काढली, साहेब. लिहिलेलं नाही ते नाही."

भिंगसाहेबांनी भिंग लावून नियम वाचला, भिंग काढून वाचला. डोक्यावर ऊन, मागे भंगारशेठचा टेम्पो चालू इंजिनाने घरघरत उभा. मामा दर दहा सेकंदांनी वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकत होता. शेवटी त्यांनी लिहिलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'फेरी पूर्ण. नंबर जुळतात. शेरा: गाडी सर्व गिअरमध्ये चालते.'

भंगारशेठने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि मामाला उरलेलं केळं दिलं. मामाने ते घेतलं आणि खाल्लंही.

"सोमवारी मिस्त्रीला बोलावतो," मामा तोंड भरलेलं असताना म्हणाला. "चक्र सुलटं करून घेऊ, मग सगळं..."

"एक मिनिट," भिंगसाहेब म्हणाले. त्यांच्या हातात तार होती. "ती शेवटची अट आहे. पास झालेल्या गाडीत नंतर बदल करायचा नाही. ज्या अवस्थेत पास, त्याच अवस्थेत कायम." ते पुन्हा गाडीखाली शिरले, गिअरबॉक्सच्या दोन बोल्टांतून तार ओवली आणि चिमट्याने त्यावर शिशाचं सील दाबलं. कट असा बारीक आवाज आला. तो आवाज मामाने आयुष्यात हजारो वेळा स्वतःच्या हाताने काढला असेल.

मामा वाकून त्या सीलकडे बघत राहिला. बराच वेळ.

"कोण बघतंय," भंगारशेठ हळूच म्हणाला. "एक तार तर आहे. उंदराने तोडली म्हणायचं."

मामाने त्याच्याकडे जे बघितलं, त्यानंतर तो विषय निघालेला नाही.

आता गाडी तिसाव्या जागेवर उभी आहे. क्लबचा नियम, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक गाडी एक फेरी मारणार, नाहीतर जागा जाणार. पहिले चार महिने आईने मारली. मग तिची मान धरली आणि ती म्हणाली, छोट्या, हे काही मी जन्मभर करणार नाही. तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता ती त्याला शिकवायला मैदानावर नेते. माझ्या दवाखान्याला नवं बेसिन लागलंय, पुढच्या भिंतीवर, आणि पहिला पेशंट भंगारशेठ होता. तोंड उघडं असताना त्याला पोथी सांगता येत नाही, हे मला फार उशिरा सुचलं.

गेल्या रविवारी मी बघायला गेले होते. मामा स्टिअरिंगवर, मान वळवलेली, घामाने निथळलेला. आई शेजारी. फार पूर्वी तिच्या बाजूला शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक होता, तो कधीच काढून टाकलाय, खाली नुसती दोन भोकं आहेत. गाडी रेषेजवळ गेली की आईचा पाय अजून त्या भोकावर जातो आणि जोरात दाबतो.

"रेषा बघ, छोट्या. माझ्याकडे काय बघतोस."

"बघतोय, ताई."

"या खेपेला आई मधे पडणार नाहीये."

गाडीने रेषा ओलांडली. आईने खिशातून पेन काढलं आणि कसल्याशा कागदावर, मामाला दिसेल असं, एक फुली मारली.